मुरुम, ट्यूब आणि बारा आठवडे



मागच्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा ताप आल्याचे सांगून सिक रिपोर्टला आला. ताप नव्हता. थर्मामीटर पुसून ठेवला तरी तो स्टुलावरून उठेना. नर्सिंग असिस्टंट बाहेर गेल्यावर हळूच मराठीत म्हणाला, "सर, परेडला उभं राहिलं की तोंडाची नुसती आग होते."

महाराष्ट्रापासून इतक्या लांब असलेल्या या शाळेत मराठी मुले माझ्याकडे बऱ्याचदा नुसते मराठीत बोलायला मिळते म्हणूनही येतात. हे तसे नव्हते. खिडकीपाशी नेऊन चेहरा पाहिला. दोन्ही गाल तांबडे, कातडी पातळ आणि चकचकीत, गालांवर धाग्यासारख्या बारीक लाल रेषा. कपाळावर आणि हनुवटीवर एकसारख्या आकाराच्या पुळ्या, जणू साच्यातून काढलेल्या.

"काय लावतोस?"

"काही नाही सर. साधं क्रीम."

साधे क्रीम खिशातच होते. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत आणलेली, जेमतेम दोन इंच उरलेली ट्यूब. बारीक अक्षरांत चार औषधांची नावे होती. दोन जंतूंवरची, एक बुरशीवरचे आणि चौथे क्लोबेटासोल. त्वचेला लावायच्या स्टिरॉइडमध्ये जो सर्वांत कडक गट आहे, त्यातले हे औषध. मुलगा ते अडीच महिने दिवसातून दोनदा चेहऱ्याला लावत होता. एका सीनियरने दिले होते. सीनियरला एका दुकानदाराने दिले होते. डॉक्टर या साखळीत कुठेच नव्हता.

या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊनच मी हे लिहितो आहे. ओळख पटेल असे काही ठेवलेले नाही. अशा ट्यूबा त्यानंतर माझ्या टेबलावर आणखी जमा झाल्या, म्हणून हा विषय या पानावर घ्यावासा वाटला.

आधी मुरुम म्हणजे काय ते पाहू. पुस्तकी मराठीत याला तारुण्यपिटिका म्हणतात आणि हे नाव चांगले आहे, कारण रोगाचे मूळ त्यातच सांगितले आहे. वयात येताना अँड्रोजन नावाची संप्रेरके वाढतात. ती मुलांमध्ये असतात तशी मुलींमध्येही असतात, प्रमाण वेगळे. त्यांच्यामुळे केसाच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथी मोठ्या होतात आणि जास्त तेल तयार करू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या मृत पेशी सुटून बाहेर न पडता एकमेकींना चिकटतात. तेल आणि पेशी मिळून नळीच्या तोंडाशी बूच बसते. तोंड बंद राहिले तर पांढरा ठिपका दिसतो, उघडे राहिले तर काळा. त्या बुचामागे साठलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू पोसला जातो. तो आपल्या सर्वांच्याच त्वचेवर राहतो, बाहेरून येत नाही. शरीर त्याच्याविरुद्ध सैन्य पाठवते, सूज येते, पुळी लाल होते, पू होतो. ही लढाई खोलवर झाली तर गाठ तयार होते, आणि गाठ फुटून भरून येताना खड्डा राहतो.

यात मळाचा कुठे संबंध आला? आला नाही. काळ्या ठिपक्याचा काळेपणा धुळीचा नसतो. त्वचेतले रंगद्रव्य आणि तेल हवेच्या संपर्कात आल्याने तो रंग येतो. तरीही आपल्याकडे मुरुमाचा मुलगा दिसला की पहिला सल्ला मिळतो, "तोंड धूत जा नीट." मग मुले दिवसातून सहा वेळा कपडे धुवायच्या साबणाने तोंड घासतात. एकाला मी बूट पॉलिशच्या नव्या ब्रशने गाल घासताना पकडले आहे. ब्रश नवा आहे, हा त्याचा बचाव होता. घासल्याने त्वचेचे संरक्षक आवरण जाते, दाह वाढतो, आणि पुढे औषध लावले की सहन होत नाही. दिवसातून दोनदा, आणि पीटी किंवा खेळानंतर घाम धुण्यासाठी एकदा, सौम्य फेसवॉश किंवा साध्या सौम्य साबणाने हाताच्या बोटांनी धुणे पुरते. टॉवेलने रगडायचे नाही, टिपायचे.

घरगुती उपायांबद्दलही इथेच सांगून टाकतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग पडतात. टूथपेस्टने पुळी सुकल्यासारखी वाटते, ती तिथली कातडी चिडल्यामुळे. मी स्वतः नववीत असताना रोज रात्री टूथपेस्टचे ठिपके लावून झोपत असे आणि सकाळी पुळीच्या जागी पुळी अधिक पोळल्याचा डाग घेऊन फॉलिनला उभा राहत असे. आजीने पाठवलेल्या हळद-चंदनाच्या लेपाला माझा फारसा विरोध नाही, पण त्याने गाठी बऱ्या होतील या आशेवर सहा महिने घालवायला आहे.

आता वसतिगृहातल्या आयुष्याकडे या. इथे अशा काही गोष्टी आहेत ज्या घरच्या मुलाला नसतात. बेरेची चामडी पट्टी कपाळावर घट्ट बसते आणि आत घाम कोंडतो, म्हणून पट्टीच्या रेषेवर पुळ्यांची रांग दिसते. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीवर, रकसॅकच्या पट्ट्यांखाली खांद्यांवर आणि पाठीवर तेच. घर्षण, उष्णता आणि घाम यांनी होणारे हे मुरुम वेगळे ओळखता येतात, कारण ते पट्टीचा नकाशा काढून देतात. बेरेची आतली पट्टी आठवड्यातून एकदोनदा ओल्या फडक्याने पुसून वाळवा. क्रॉस कंट्रीनंतर घामाने भिजलेला बनियन अंगावर ठेवून प्रेपला बसू नका.

दुसरे म्हणजे डोक्याचे तेल. आपली मराठी मुले घरून खोबरेल आणतात, इथली मुले मोहरीचे. चापूनचोपून लावलेले तेल कपाळावर उतरते आणि रात्री उशीच्या अभ्र्यावर, तिथून गालावर. कपाळ आणि कानशिलावरच बारीक पुळ्या असतील तर आधी तेल बंद करून पाहा. औषध लागणारही नाही. अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला. दोनच अभ्रे मिळतात अशी तक्रार असेल तर उलटा करून घाला, पण तेलकट अभ्र्यावर पंधरा दिवस झोपू नका.

तिसरे, दाढी. अकरावी-बारावीच्या मुलांना क्लीन शेव्ह सक्तीची आहे आणि पुळ्यांवरून वस्तरा फिरला की रक्त येते. आंघोळीनंतर केस मऊ असताना, फेस लावून, केस ज्या दिशेने उगवतात त्या दिशेनेच, न दाबता दाढी करा. ब्लेड बोथट नको. आणि दुसऱ्याचा रेझर कधीही नको, मग तो जिवलग मित्र असला तरी. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, आणि रेझरवर रक्त दिसण्याइतके असावे लागत नाही. गाठी फार असतील तर माझ्याकडे या, काही दिवसांची शेव्हिंग चिट मी देतो. इन्स्ट्रक्टर मंडळींना विनंती की ती चिट पाहिल्यावर मुलाला सगळ्यांसमोर "हिरो बनलाय" म्हणू नये.

फील्डक्राफ्टच्या दिवशी तोंडाला फासलेले कॅमोफ्लाज क्रीम तेलकट असते. ते परत आल्याबरोबर काढा. रात्री थकून तसेच झोपलेल्यांची यादी मला दोन दिवसांनी आपोआप मिळते.

खाण्याविषयी सर्वांत जास्त प्रश्न पालक विचारतात. मेसची पुरी, तेलकट भाजी यांनी मुरुम होतात असा समज आहे. त्याला भक्कम आधार नाही. साखर, शीतपेये, मैदा अशा रक्तातली साखर पटकन चढवणाऱ्या पदार्थांचा संबंध मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे, दुधाचा काही अभ्यासांत. म्हणून वाढत्या वयाच्या, रोज पळणाऱ्या मुलाचे दूध मी बंद करत नाही. कँटीनमधली रोजची दोन शीतपेये बंद करतो. व्हे प्रोटीनची पावडर घेणाऱ्या काही मुलांत मुरुम भडकतात, आणि सुटीत गावच्या जिममधून "साइज"साठी गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन आलेल्या मुलाच्या छाती-पाठीवर तर ते अचानक उसळतात. ती बहुधा ॲनाबॉलिक स्टिरॉइड असतात. असे कोणी केले असेल तर मला सांगावे. मला तुमचे हृदय आणि यकृत तपासायचे असते. शिक्षा करणे माझे काम नाही.

आता त्या ट्यूबकडे परत येऊ, कारण मुख्य सांगायचे ते तिथे आहे.

स्टिरॉइड मलम काय करते? ते सूज दाबते. पुळीचा लालपणा ही सूजच असल्याने दोनतीन दिवसांत चेहरा स्वच्छ दिसतो, उजळही दिसतो. म्हणूनच ट्यूब एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जाते. दिलेला मुलगा खोटे बोलत नसतो, त्याला खरेच फरक दिसलेला असतो. पण नळीतले बूच तसेच असते, तेल तसेच असते. वरून त्वचेची स्वतःची प्रतिकारशक्ती झोपवली जाते. काही आठवड्यांनी स्टिरॉइडमुळेच नवे मुरुम येतात, ते एकसारखे दिसणारे. त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, उन्हात आग होते, कुणाच्या गालावर लव वाढते. आणि मलम थांबवले की दाबलेली सगळी सूज एकदम उसळते. मुलाला वाटते, क्रीम सोडले म्हणून बिघडले, आणि तो पुन्हा लावतो. हा फास आहे. जांघेतल्या गजकर्णावरही हीच ट्यूब मुले लावतात आणि तिथेही तेच घडते: खाज थांबते, बुरशी पसरत राहते आणि तिचे रूप इतके बदलते की डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो.

2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांत घातली. तरी ती मिळतात, हे तुम्ही आणि मी दोघेही जाणतो. म्हणून नावे वाचायला शिका. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, यांपैकी एकही नाव चेहऱ्याच्या क्रीमवर असेल तर ते मुरुमांचे औषध नाही. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिन्ही नावे एकत्र असतील तर ते वांगाच्या डागांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीत, थोडे दिवस वापरायचे औषध आहे. ते गोरे होण्याचे क्रीम म्हणून खपते, हे दुर्दैव. आणि ज्याच्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत ते तर हातात धरू नका.

मग खरे औषध कोणते? इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, ती म्हणजे बारा आठवडे. मुरुमांचे कोणतेही योग्य औषध तीन दिवसांत चेहरा स्वच्छ करत नाही. आज दिसणाऱ्या पुळीचे बूच कित्येक आठवड्यांपूर्वी बसायला सुरुवात झालेली असते. औषध आजची पुळी घालवण्यापेक्षा पुढच्या महिन्यातली पुळी अडवते. सहा आठवड्यांत थोडा फरक, बारा आठवड्यांत खरा अंदाज. कॅडेट चौथ्या आठवड्यात औषध सोडतात आणि मला येऊन सांगतात की "लागू पडलं नाही." पीटी टेस्टची तयारी चौथ्या आठवड्यात सोडून कुणी सांगितले की धावणे लागू पडले नाही, तर तुमचे उस्ताद काय म्हणतील?

सौम्य मुरुमांना बहुतेक वेळा दोन औषधे पुरतात. एक बेंझॉइल पेरॉक्साइड, अडीच टक्क्यांचे. जास्त टक्क्यांचे घेतल्याने फायदा विशेष वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ते जिवाणू मारते, आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही. त्याची एक खोड लक्षात ठेवा: ते कापडाचा रंग उडवते. हाऊसच्या रंगीत टी-शर्टच्या गळ्याभोवती पांढरे चट्टे पडलेले, आणि क्वार्टरमास्टरकडे खुलासा देत उभे असलेले दोन कॅडेट मी पाहिले आहेत. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा वापरा आणि हात धुवा.

दुसरे ॲडापॅलीन, रात्री लावायचे. हे बूच बसू देत नाही. वाटाण्याएवढे घेऊन कपाळ, गाल, नाक, हनुवटी असे ठिपके देऊन सगळीकडे पातळ पसरायचे. नुसते पुळीवर टेकवायचे नाही; जिथे पुळी अजून दिसत नाही तिथेच त्याचे काम आहे. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड लावा. त्वचा कोरडी पडेल, सोलवटेल, कधी सुरुवातीला पुळ्या वाढल्यासारख्या वाटतील. घाबरू नका, साधे विनासुगंधी मॉइश्चरायझर लावा. इथल्या हिवाळ्यात तर ते लागतेच. दिवसा ग्राउंडवर असता म्हणून तीस किंवा त्याहून जास्त एसपीएफचे, जेल स्वरूपातले सनस्क्रीन लावा. मुलगे याला लाजतात. काळे डाग जाण्यातला अर्धा वाटा मात्र सनस्क्रीनचाच असतो, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर पुळी गेल्यावर राहणारा डाग उन्हाने गडद होतो. डाग काही महिन्यांत फिकट होतो. खड्डा होत नाही. हा फरक ओळखा.

क्लिंडामायसिन जेल हे प्रतिजैविक आहे. ते एकटे लावत राहिले तर जिवाणू सरावतात. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड हवेच. पोटातून घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनसाठीही तेच, आणि ती साधारण तीन महिन्यांहून अधिक चालवत नाहीत. डॉक्सिसायक्लिन कधी घ्यायची ते मी मुद्दाम सांगतो, कारण कॅडेट ती लाइट्स आउटची शिट्टी झाल्यावर घोटभर पाण्याबरोबर गिळतात आणि आडवे होतात. गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, दोन दिवस थुंकी गिळवत नाही. रात्रीच्या जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि पुढे तासभर तरी आडवे होऊ नका. दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर नको, औषध कमी शोषले जाते. आणि ती चालू असताना ऊन लवकर लागते.

आयसोट्रेटिनॉइन हे गाठींच्या, व्रण पाडणाऱ्या मुरुमांसाठी सर्वांत प्रभावी औषध आहे आणि म्हणूनच ते त्वचारोगतज्ज्ञांच्याच हातात असावे. रक्त तपासून सुरू करतात, अनेक महिने चालते. ओठ फुटतात, नाक कोरडे पडते, कडक व्यायामानंतर स्नायू आणि सांधे दुखतात. मन खूप उदास वाटू लागले तर लगेच सांगायचे. डॉक्सिसायक्लिनबरोबर ते कधीही घ्यायचे नाही, डोक्यातला दाब वाढू शकतो. हे औषध घेताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचे नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर स्त्रीला दिले गेले तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकते. मुलींच्या बाबतीत तज्ज्ञ याच कारणासाठी जास्त प्रश्न विचारतात; ते संशय म्हणून नव्हे. आपल्याकडे आता मुलीही कॅडेट आहेत म्हणून आणखी एक सांगतो: मुरुमांबरोबर पाळी फार अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, तर ते मॅट्रनना सांगा. त्याची वेगळी तपासणी लागते.

आणि पुळी फोडू नका. विशेषतः नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतच्या त्रिकोणात. तिथल्या शिरांचा संबंध डोक्याच्या आतल्या शिरांशी आहे. संसर्ग आत जाणे विरळा असले तरी झाले तर जिवावर बेतते. चेहरा सुजला, डोळा दुखू लागला, ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ड्यूटीवरच्या मास्टरना उठवा.

आता बारावीच्या मुलांसाठी. एनडीएच्या वैद्यकीय निकषांत मुरुमांचा उल्लेख आहे, हे बहुतेकांना मेडिकल बोर्डासमोर उभे राहीपर्यंत ठाऊक नसते. फक्त चेहऱ्यावर असलेले थोडे काळे-पांढरे ठिपके किंवा पुळ्या चालू शकतात. मध्यम ते तीव्र मुरुम, गाठींचे किंवा जाड व्रण राहिलेले, आणि पाठीवर पसरलेले, यांत उमेदवार अपात्र ठरू शकतो. चालू वर्षाच्या जाहिरातीचे परिशिष्ट स्वतः वाचा. एसएसबी उत्तीर्ण झाल्यावर मेडिकलपर्यंत काही दिवसच मिळतात. बारा आठवड्यांचे गणित त्यात बसत नाही, आणि त्या घाईतच ती ट्यूब हातात येते. ज्याला जायचे आहे त्याने अकरावीतच पाठ दाखवायला यावे. पाठ आरशात दिसत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

हे सगळे मी अधिकाराने सांगतो आहे असे वाटेल, म्हणून माझी एक चूकही लिहितो. युनिटमध्ये नवा डॉक्टर असताना एक रिक्रूट माझ्याकडे गालावरच्या गाठी दाखवायला आला होता. बाहेर तापाच्या पेशंटची रांग होती. मी मान वर न करता म्हणालो, "वयाचं आहे, आपोआप जाईल." तो "जी साब" म्हणून गेला आणि पुन्हा आला नाही. दोन वर्षांनी तो दुसऱ्या कामासाठी समोर आला तेव्हा गाठी गेल्या होत्या, दोन्ही गालांवर खोल खड्डे होते. मी बोललो ते निम्मे खरेच ठरले होते. त्याने मला काही म्हटले नाही. तो फोटो काढताना मान वळवतो, हे मला त्याच्या साथीदाराने सांगितले.

पालकांनो, मुलगा सुटीला घरी आला की दारातच "काय रे हे तोंडाला?" असे विचारू नका. त्याने तो प्रश्न प्रवासभर अपेक्षिलेला असतो. दोन दिवस जाऊ द्या, मग विचारा की काही लावतोस का, आणि ट्यूब पाहा. कुरिअरने कोणतेही क्रीम पाठवण्यापूर्वी त्यावरच्या नावांचा फोटो मला पाठवा. हाऊसमास्टर आणि प्रीफेक्ट यांना एवढेच सांगतो की टोपणनावे चेहऱ्यावरून पडू देऊ नका. त्या अकरावीच्या मुलाला कोर्समेट काय म्हणत हे मी इथे छापू शकत नाही, पण ट्यूब त्याने का घेतली याचे उत्तर त्या नावात होते.

त्याचे पुढे काय झाले ते सांगतो. ट्यूब बंद केली. त्याला आधीच बजावले होते की आता काही आठवडे चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल, तसाच झाला. हाऊस फोटोच्या दिवशी तो मागच्या रांगेत टोकाला उभा होता. घरून आईचा फोन आला, रडत, की औषधाने बिघडले. मी त्यांना पुन्हा सगळे समजावले. तिसऱ्या वेळी पटले. त्वचारोगतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, चेहऱ्याला नुसते मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी काही नाही. दुपारच्या परेडपासून काही दिवस सूट दिली. पाचव्या आठवड्यात आग थांबली. मग ॲडापॅलीन सुरू केले, एक रात्र आड. आज त्याच्या गालांवर त्या लाल रेषा अजून थोड्या आहेत आणि हनुवटीवर अधूनमधून पुळी येते. मागच्या रविवारी तो आपल्याच हाऊसच्या नववीतल्या एका मुलाला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला. त्या मुलाच्या खिशातही ट्यूब होती.

एम.आय. रूम संध्याकाळी खेळानंतर प्रेपची घंटा होईपर्यंत उघडी असते. ट्यूब असेल तर खोक्यासकट आणा, म्हणजे नावे वाचता येतील. ती कुणाकडून घेतली, हे मी विचारणार नाही.